बाबा जिवंत आहेत

आई, या मे महिन्यात तू विधवा झालीस. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. बाबा अजून रोज सकाळी पडवीत बसून सुपारी कातरतात, दुपारी तांदळाच्या दोन भाकऱ्या नि माशाचं कालवण व्यवस्थित जेवतात, मीठ कमी पडलं तर ऐकवतातही. तरी तू विधवा झालीस. मोबाइलवर झालीस. कुठकुठल्या माणसांनी ते वाचलं, त्यांना रडू आलं, त्यांनी तुला हात जोडले आणि मग माझ्याकडे आमसुलांच्या ऑर्डरी दिल्या. तुला हे कळवायला दुसरी काही सोय नाही म्हणून वहीत लिहितेय. तू वाचलं असतंस तर आधी मला झोडपलं असतंस आणि मग कारण विचारलं असतंस. तुझा क्रम तोच होता.

मधलं तुला काहीच ठाऊक नाही, तेव्हा ते आधी सांगते. सहा वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. झोपेतच गेला, कुणाला त्रास दिला नाही. मुंबईची खोली लेकीच्या हवाली केली आणि मी बाबांना बघायला म्हणून इकडे आले, ती राहिलेच. आले त्याच वर्षी वादळ झालं. दिवेआगरपासून आपल्यापर्यंत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आपल्या निम्म्या पोफळी गेल्या, विहिरीवरचे माड गेले, पडवीची कौलं शेजाऱ्याच्या गोठ्यात सापडली. मागच्या कुंपणाजवळची तुझी रातांब्याची झाडं तेवढी जागची हलली नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ती अशी लदबदून लागली की खाली पडून सडायला लागली. मला ते बघवेना. एका सकाळी पाटी घेऊन वेचायला गेले आणि तुझ्या पद्धतीने आमसुलं करायला बसले. फळ फोडायचं, बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. सात वेळा. सहा वेळा केलं तर जगात कुणाला कळत नाही, पण तुला कळायचं. म्हणून सातच.

शेजारच्या घरी आता पाहुणे उतरतात. दोन खोल्या बांधल्यात, वर पाटी लावलीय. तिथे गेल्या वर्षी पुण्याची एक मुलगी महिनाभर राहायला आली होती. लॅपटॉप मांडीवर घेऊन दिवसभर नारळाखाली बसायची. तिचं काम काय, तर लहान धंदेवाल्या लोकांच्या गोष्टी मोबाइलवर सांगायच्या. फोटो, दोन ओळी, मागे गाणं. माणसं ते बघतात आणि त्या धंदेवाल्याकडून माल मागवतात. माझी सोलकढी तीन वाट्या प्याली आणि म्हणाली, "काकू, तुमचं पेज काढू या." पोर वाईट नव्हती, हे आधीच सांगते. मनापासून करायची. माझी आमसुलं तिने आपल्या हाताने पिशव्यांत भरली, हात लाल झाले तर ते कौतुकाने मिरवले.

"लोक कोकम घेत नाहीत काकू, गोष्ट घेतात," ती मला सांगायची.

"मग कोकम काय करू, गुरांना घालू?" मी म्हटलं.

ती हसली. मग वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि माझी गोष्ट विचारायला लागली. मी सांगितली. आई करायची, मी करते, झाडं आहेत, माल चांगला आहे. तिने पेन गालाला लावलं. म्हणाली, "यात खड्डा कुठे आहे?" मला आधी कळेच ना. तर म्हणे प्रत्येक गोष्टीत एक खड्डा लागतो. माणूस त्यात पडलेला दिसला पाहिजे, मग तो वर आलेला दिसला पाहिजे. बघणाऱ्याचा अंगठा तेव्हाच थांबतो, नाहीतर तो पुढे सरकवतो. मी म्हटलं, बाई, आमच्या दारात खड्डा असता तर मी आधी बुजवला असता, बाबांचा पाय मोडायचा. वादळाचं सांगितलं, तर म्हणाली वादळ सगळ्यांचंच झालं, तुमचं स्वतःचं काय? नवरा गेल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. कोकमाच्या पिशवीवर चिकटवायला ते दुःख नाही, असं मला वाटतं. मी टिकली लावते, बांगड्या घालते. नवरा कुठे असतो हे तिने विचारलं नाही, मुंबईला नोकरीला असेल असं धरून चालली. इकडचे निम्मे नवरे मुंबईला असतातच.

मग या मे महिन्यात तिने पुण्याहून जुना फोटो मागितला आणि मी तुझा तो फोटो पाठवला. आठवतो ना? बाबांच्या जेट्टीवरचे साहेब जेवायला आले होते, त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. तू परसात रातांब्यांच्या ढिगात बसली होतीस आणि त्यांनी न विचारता खटका दाबला. तू चिडलीस. पाहुणा म्हणून त्यांना काही बोलली नाहीस, पण जेवताना ताक वाढलं नाहीस. त्या फोटोत तू परातीवर ओणवी आहेस. मंगळसूत्र रसात लोंबू नये म्हणून पाठीवर टाकून वरून पदर घट्ट गुंडाळलेला. बांगड्या खाली घसरू नयेत म्हणून कोपरापर्यंत सारून त्यावर चिंधी बांधलेली. कपाळावरचं कुंकू घामाने गेलेलं, कारण हात रसाने भरलेले असले की तू कपाळ कोपराने पुसायचीस. रातांब्याच्या दिवसांत आपल्या वाडीतल्या सगळ्या बायका अशाच दिसायच्या. आपल्याकडे तो फोटो बघून कुणीही सांगेल की ही बाई आमसुलं करतेय. त्या मुलीला दिसला मोकळा गळा, मोकळे हात आणि पांढरं कपाळ. तिने कुणाला विचारलं नाही; पडवीतल्या बाबांना ती माझे सासरे समजत होती. तिला तिचा खड्डा सापडला.

फोटोच्या खाली आलं ते असं. ऐन तारुण्यात वैधव्य आलेली एक माउली. पदरात लहान मुलगी. घरात अन्नाचा कण नाही. हातांची सालं निघेपर्यंत कोकम सोलून तिने संसार ओढला, आणि आज तीच मुलगी आईच्या अश्रूंची चव जगाला देतेय. अश्रूंची चव, आई. सात वेळा मीठ आपण घालायचो आणि श्रेय अश्रूंना.

चौथ्या दिवशी बाबांना कळलं. शेजारी उतरलेली मुंबईची एक बाई मुद्दाम घर बघायला आली. पडवीत बाबा दिसले तर वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही काकूंचे मामा का?" बाबा म्हणाले, "मी तिचा बाप." ती बाई म्हणाली, "पण ते तर लहानपणीच..." आणि थांबली. बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. मी आतून चहा घेऊन आले तेव्हा ती बाई चपला शोधत होती आणि बाबा माझ्याकडे बघत होते. "मी कदी मेलो गो?" त्यांनी विचारलं. मला हसू आलं, आणि ते हसू तोंडावर असतानाच त्यांनी मोबाइल मागितला. चष्मा लावून, ओठ हलवत, सगळं वाचलं. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, "माजं काय न्हाय. मला मारलंत तर मारलंत. पन तिचं कुंकू पुसलंत तुमी. माज्या आदी जायाचा हट्ट व्हता तिचा, नि गेली. तेवडं तरी ऱ्हाऊ द्यायचं तिच्याकडं." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

या कुंकवावरून आपलं किती भांडण व्हायचं. हळदीकुंकवाला कुणी म्हातारी सवाष्ण गेल्याचं निघालं की तू म्हणायचीस, नशीबवान, अहेव गेली. मला तिडीक यायची. कॉलेजात होते, दोन पुस्तकं वाचली होती. मी म्हणायचे, म्हणजे नवऱ्याच्या आधी मरण्यात काय मोठा पराक्रम? नि मागे राहते तिने काय पाप केलं? तू म्हणायचीस, "तुजं तुज्यापाशी, माजं माज्यापाशी." मला ते आजही पटत नाही. आता तर मी स्वतःच मागे राहिलेली आहे, आणि माझ्यात काही कमी झालंय असं कुणी म्हणून तर बघावं. विधवा असणं खालचं आहे म्हणून मी पेटले नाही. तू नव्हतीस, म्हणून पेटले. तू गेलीस तेव्हा वाडीतल्या बायकांनी तुला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला, ओटी भरली, आणि एकेक जण तुझ्या पाया पडली. ज्या मेल्या तुझ्याशी वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या त्यासुद्धा पडल्या. तुला जे हवं होतं ते तुला मिळालं होतं. कुणा परक्या पोरीने एका वाक्यात ते काढून घ्यावं, आणि बघणाऱ्यांनी वर बदाम पाठवावेत?

आणि अन्नाचा कण नव्हता म्हणे. बाबा लाँचच्या धक्क्यावर कायमच्या नोकरीला होते, दर महिन्याला पगार यायचा, कोठी भरलेली असायची. तुला गरज नव्हती, हीच तर तुझी गोष्ट होती. वाडीतल्या बायका तुला विचारायच्या, "नवरा पगारावर हाय, तुला कशाला गो हा उपद्व्याप?" तू मान वर न करता म्हणायचीस, "मला बरं वाटतं." बाबांना जेट्टीवर टोमणे बसायचे, बायकोला राबवतोस म्हणून. ते घरी येऊन कुरकुरायचे, तर तू त्यांना सांगितलंस, "त्यांना सांगा, मी ऐकत न्हाय." तुला आवडायचं, बस. सातव्या वेळेला साल जेव्हा काळं-लाल आणि मऊ व्हायचं तेव्हा तू एक तुकडा तोंडात टाकायचीस आणि डोळे मिटायचीस. त्या वेळी हाक मारलेली तुला चालायची नाही. तुला हे आवडायचं, एवढं मी त्या मुलीला सांगितलं होतं. तिने वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण पोटाला असताना, केवळ हौसेने एक बाई एवढं राबते, यावर कुणाचा अंगठा थांबत नाही म्हणे. बाईच्या कामाला आधी संकट लागतं. संकट नसेल तर लोकांना ती आगाऊ वाटते.

मी आठवीत असताना तू मला शेवटची वाळवण बघायला ठेवलं होतंस आणि मला समुद्रावर जायचं होतं. मी ओलसर आमसुलं तशीच बरणीत भरली, वर घट्ट दट्ट्या बसवला. ती बरणी श्रीवर्धनच्या एका घरी गेली आणि पंधरवड्यात बुरशी धरून परत आली. त्या एकदाच तू मारलं नाहीस, कारणही विचारलं नाहीस. एसटीत बसवलंस, त्या घराच्या दारात उभं केलंस आणि म्हणालीस, "सांग." मी सुरुवात केली, त्या दिवशी ऊन नव्हतं, मला बरं नव्हतं. तू माझं मनगट दाबलंस. "कारण नको. काय केलंस ते सांग." मी सांगितलं. त्या घरच्या बाईने पुढे मरेपर्यंत आमसुलं आपल्याकडूनच नेली. मी मात्र कित्येक महिने तुझ्यावर रागावले होते.

आता मीही मोबाइलवर लोकांच्या धंद्याच्या गोष्टी बघते. आधी चौकशी म्हणून बघायचे, मग सवय लागली. बहुतेक सगळ्या एकाच मापाच्या. अंधारी खोली, डोळ्यांत पाणी, मग उजेड, मग गाणं. मला एका मिनिटात कंटाळा येतो. पण एकदा एक माणूस बघितला, लोणचं घालणारा. तो कॅमेऱ्यासमोर म्हणत होता, आज माझ्या हातून मीठ जास्त पडलं, बायको ओरडली, ही बघा बरणी, ही विकणार नाही. मागून बायकोचा आवाज येत होता, "दाखवतोस काय तोंड वर करून." गाणं नाही की रडणं नाही. मी तो तीनदा बघितला आणि त्याचं लोणचं मागवलं. त्या पुण्याच्या मुलीला मी हे दाखवलं तर म्हणाली, "काकू, असं कधीतरी चालतं, पण त्यावर भरवसा नाही ठेवता येत." असेल बाई. मला लोणच्याबद्दल भरवसा वाटला, एवढं मला कळतं.

तेव्हा बाबा जेवले नाहीत त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मोबाइल खुर्चीवर पेल्याला टेकवून ठेवला आणि स्वतःच चालू केला. साडी बदलली नाही. शेजारी बाबांना बसवलं. मी म्हटलं, हे माझे बाबा, जिवंत आहेत. माझी आई विधवा नव्हती. तिचं मंगळसूत्र पाठीवर टाकलेलं होतं, कारण ती काम करत होती. आमच्या घरात खायला भरपूर होतं. ती कोकम करायची कारण तिला ते आवडायचं, आणि तिच्याइतकं चांगलं वाडीत कुणाला जमायचं नाही हे तिला माहीत होतं. तुम्हाला रडायला आवडलं म्हणून तुम्ही माल मागवला असेल तर परत करा, मी ठेवून घेईन. आमसुलांसाठी मागवला असेल तर ठेवा. बाबांना मी म्हटलं, तुम्हीही काही बोला. ते कॅमेऱ्याकडे बघेनात, माझ्याकडे बघून म्हणाले, "ती माजी बायको व्हती. कुनाचं ऐकायची न्हाय. बरी व्हती." एवढं बोलून अडकित्ता घेऊन पुन्हा सुपारी कातरायला लागले, आणि मला ते बंद कसं करायचं ते सापडेना, म्हणून शेवटी मिनिटभर नुसता सुपारीचा आवाज आहे.

काहींनी शिव्या घातल्या. आम्हाला फसवलंत म्हणाले. खोटं सांगून पोट भरता म्हणाले, आणि त्यात खोटं काय ते त्यांनाच विचारायला हवं, कारण खरं सांगितल्यावरच त्यांना फसवल्यासारखं वाटलं. बऱ्याच पिशव्या परत आल्या. काही नवीन माणसं आली. त्यात एका बाईने एवढंच लिहिलं होतं, माझ्या आईलापण आवडायचं, आम्ही मात्र सगळ्यांना, तिला गरज होती, असं सांगतो. तिने माल मागवला नाही. मला तिचं ते वाक्य पुरलं. पुण्याच्या मुलीचा फोन आला. "काकू, हे करायच्या आधी मला विचारायचंत ना," म्हणाली. मी ताडकन म्हटलं, "तू विचारलंस का?" ती गप्प झाली. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. आता ती माझं काम बघत नाही. माझं मीच बघते, माणसं कमी आहेत, पण त्यातल्या कुणाच्या भ्रमावर माझं दुकान चालत नाही. ताठ मानेने सांगते तुला, आई, पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा तेच करीन, आणि सगळा माल परत आला तर परसात बसून मी एकटी खाईन.

आता राहिलेलं सांगते. ती मुलगी फोनवर गप्प झाली, कारण तिने विचारलं होतं. लोकांना दाखवण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने सगळा मजकूर मला पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, काकू, बरोबर आहे ना? मी चुलीपाशी उभी राहून वाचला. तुझ्याबद्दलचं ते वाक्य मी वाचलं, आई. फोन करून चूक सांगणार होते. पण त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, माझ्याबद्दलची. आज पतीच्या भक्कम साथीने त्या हा व्यवसाय पुढे नेत आहेत, असं होतं. मी ती ओळ बराच वेळ बघत राहिले. एक चूक सांगितली असती तर दुसरीही सांगावी लागली असती. मी तिला लिहिलं, छान. माझं ते 'छान' तिने कुणाला दाखवलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. कॅमेऱ्यासमोर बसून मी बाबांना जिवंत केलं, तुझं कुंकू तुला परत दिलं, आणि त्या ओळीबद्दल चकार शब्द काढला नाही. बाबांनीही दोनदा वाचताना ती बघितली असणार, त्यांनीही विषय काढला नाही. ती ओळ अजून तिथे आहे. मधूनमधून उघडून वाचते.